पगारी पाय

लोकेश गजभिये मत्सरी माणूस नाही, असं सगळे म्हणायचे आणि ते बरंचसं खरं होतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडासमध्ये एका बँकेत तो पैसे पाठवायच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेतो. त्याच्या मागून आलेली पोरं त्याच्या पुढे गेली. त्यांनी मागे बाग असलेली घरं घेतली आणि गृहप्रवेशाला त्यालाच बोलावलं. तो गेला, श्रीखंड दोनदा घेतलं, बागेचं कौतुक केलं आणि लायडस्खेनडाममधल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावर येऊन शांत झोपला. कुणाची गाडी, कुणाची बढती, कुणाचा स्वित्झर्लंडमधला फोटो, कशानेच त्याला काही होत नसे. मत्सर त्याने एकाच कामासाठी राखून ठेवला होता. धावणाऱ्या माणसाचं धावण्यामुळे भलं झालेलं त्याला बघवत नसे.

याला कारण होतं. अमरावतीला कॉलेजात असताना लोकेश पाच हजार मीटर धावायचा. आंतरविद्यापीठ स्पर्धेत तो चौथा आला. पहिल्या तिघांना रेल्वेने खेळाडूंच्या कोट्यातून बोलावून घेतलं. तिसरा आलेला बळवंत हा होस्टेलवर त्याच्याच खोलीत राहायचा. बळवंत भुसावळला तिकीट तपासनीस म्हणून लागला आणि पुढची बरीच वर्षं एकाही प्रवाशाला त्रास न देता देशभर धावत राहिला. लोकेशला नाइलाजाने कॉम्प्युटर शिकावं लागलं. त्यातून हिंजवडी, हिंजवडीतून हॉलंड. आता गावी गेला की त्याचा सत्कार होतो, शाळेतल्या मुलांना त्याच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं जातं. ज्याला आयुष्यात फक्त भुसावळला पोचायचं होतं, त्याला अ‍ॅमस्टरडॅमला पोचल्याबद्दल हार घालतात, याचं त्याला अजून नवल वाटतं.

धावणं मात्र त्याने सोडलं नाही. सकाळी ऑफिसची गाडी पकडण्याआधी तो कालव्याच्या काठाने धावतो. वारा समोरून असला तरी धावतो, आणि हॉलंडमध्ये वारा दोन्ही बाजूंनी समोरूनच असतो. वर्षभराच्या या खटाटोपाला जूनमधल्या एका रविवारी फळ येतं. हार्लेमपासून द हेगपर्यंतच्या मराठी लोकांचं किनारपट्टी महाराष्ट्र मंडळ त्या दिवशी लायडस्खेनडामबाहेरच्या तळ्यापाशी क्रीडा दिन भरवतं. लिंबू-चमचा होतो, रस्सीखेच होते, आणि शेवटी तळ्याभोवतीची शर्यत. ती दर वर्षी लोकेश जिंकतो. त्याच्याशी लढायला उभी असलेली मंडळी बहुतेक करून त्याच आठवड्यात बूट घेतलेली असतात. फिरता चषक नावापुरताच फिरतो. जूनमध्ये तो पिशवीतून तळ्यावर जातो आणि संध्याकाळी त्याच पिशवीतून टीव्हीशेजारी परत येतो.

त्या चषकाला धोका आहे, हे लोकेशला कळलं ते मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

हार्लेमला राहणाऱ्या सुबोधने आपल्या मुलीचा फोटो टाकला होता. ईशानीचा जन्म न्यू जर्सीचा. सुबोध तेव्हा तिकडे प्रोजेक्टवर होता. प्रोजेक्ट संपला, माणसं हॉलंडला आली, पण पोरीचा अमेरिकन पासपोर्ट सुबोधने जपून ठेवला, कधी ना कधी उपयोगी पडेल म्हणून. तो पडला. ईशानी हार्लेमच्या अ‍ॅथलेटिक्स क्लबात धावायला लागली, चांगली धावायला लागली आणि अमेरिकेतल्या एका कॉलेजने तिला फी माफ करून उचलली. आता तिकडच्या कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली आहे, आणि परदेशी विद्यार्थ्यांना व्हिसामुळे जे घेता येत नाहीत ते पैसे अमेरिकन पासपोर्टवर घेता येतात. फोटोत ईशानी कॉलेजच्या जर्सीत होती आणि खाली सुबोधने लिहिलं होतं, ‘कॉलेजने आमच्या ईशानीशी करार केला. शिकता शिकता धावण्याचे पैसे! तुम्हा सर्वांचे आशीर्वाद.’

ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. लोकेशनेही एक टाळी टाकली. मग फोन उपडा ठेवला.

“किती देत असतील गं?” त्याने जेवताना बायकोला विचारलं.

समता लायडनला प्रयोगशाळेत संशोधक आहे. तिला उत्तर येत नसेल तर ती अंदाज सांगत नाही. “सुबोधला विचार,” ती म्हणाली.

“मला काय करायचंय.”

“मग नको विचारू.”

“नाही, पण म्हणजे, महिन्याला देतात की शर्यतीला?”

त्यांची मुलगी यामिनी चौदा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देताना तिला ती भाषा लांबची वाटते. “बाबा, आर यू जेलस?” तिने विचारलं.

“जेवताना बोलू नये,” लोकेश म्हणाला. हा नियम त्या घरात त्या क्षणी पहिल्यांदाच ऐकला गेला.

ईशानी अमेरिकेतच राहून बापाकडून कौतुक करून घेत राहिली असती तर ही गोष्ट इथेच मिटली असती. पण मे महिन्यात सुबोधने पुन्हा लिहिलं, की ईशानी सुटीवर येते आहे आणि क्रीडा दिनाला तळ्याभोवतीच्या शर्यतीत मजा म्हणून भाग घेणार आहे. लोकेशला त्यातल्या मजेने घायाळ केलं. वर्षभर वारा खाऊन तो जे करायचा ते ही पोरगी मजा म्हणून करणार, आणि तेही पाय आधीच कॉलेजला भाड्याने देऊन.

त्याने रविवारी दुपारी भुसावळला फोन लावला. बळवंतचं धावणं केव्हाच सुटलं आहे. आता तो रेल्वेच्या एका कार्यालयात बसतो आणि रोज सकाळी लोकेशला गुलाबाच्या फुलाचं चित्र पाठवतो.

“काय बे लोक्या, आज काहून आठवण आली?”

“बळ्या, एक सांग. रेल्वेत धावत होता तवा तू प्रोफेशनल होता का?”

“मी? मी तं तिकीट तपासनीस होतो.”

“तिकीट तपासलं का कधी?”

“एकदा तपासलं. साहेबाची सासू निघाली. मंग नाई तपासलं.”

“मंग पगार कायचा होता?”

“धावाचा. पण कागदावर तिकिटाचा. म्हणून तं आम्ही हौशी. तू काहून इचारून राह्यला?”

“इथल्या एका पोरीले कॉलेज धावाचा पगार देऊन राह्यलं. सरळ.”

“कागदावर बी धावाचाच?”

“हो.”

बळवंत म्हणाला, “आमच्या वक्ती असं नव्हतं बे.” त्याचा आवाज लोकेशला ओळखीचा वाटला. तो लोकेशचा स्वतःचाच होता. इतकी वर्षं ज्याच्यावर तो जळत होता, तो आणि आपण आता एकाच बाकावर बसलो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं. त्यातून त्याला थोडं बळही आलं.

मंडळाच्या समितीची बैठक फोरबर्गला अध्यक्ष मंजूषाताईंच्या घरी भरली. मंजूषाताई कर सल्लागार आहेत. साखर कमी घातलेला चहा आणि पुरावा नसलेलं विधान त्या सारख्याच नजरेने बघतात. लोकेशने आपला मुद्दा अगदी सौम्य आवाजात मांडला. वैयक्तिक काही नाही. ईशानी आपलीच पोर. पण आपल्या मंडळाच्या नियमात प्रोफेशनल माणसाला स्पर्धेत घेत नाहीत. काही वर्षांपूर्वी गाण्याच्या स्पर्धेत एक बाई पहिल्या आल्या आणि नंतर कळलं की त्या पुण्यात बिदागी घेऊन गातात. त्यावर जे रामायण झालं त्यातून हा नियम निघाला होता.

“अरे, ती विद्यार्थिनी आहे,” सुबोध म्हणाला. “बायॉलॉजी करते. इकडे यायच्या आदल्या दिवशीही पेपर होता तिचा.”

“करू दे की. पैसे घेते ना धावायचे?”

“तो पगार नाही. कॉलेजला खेळातून जे उत्पन्न मिळतं त्यातला वाटा आहे.”

“आमच्या ऑफिसात त्याला बोनस म्हणतात.”

“लोकेश, तुझं आपलं काहीतरीच. वीस वर्षांची पोरगी आहे ती.”

“वयाचं कुठं म्हणालो मी?”

सुबोध पुण्याचा. वादात तो आवाज चढवत नाही, समोरच्याचीच वाक्यं जपून ठेवतो. “बरं, मग मला एक सांग,” तो म्हणाला. “तुझा तो भुसावळचा मित्र. दर पिकनिकला तू त्याच्या गोष्टी सांगतोस. हौशी खेळाडू कसा असावा तर तसा, म्हणतोस. तो प्रोफेशनल होता का?”

“तो सरकारी नोकर होता.”

“काम काय करायचा?”

“तिकिटं तपासायचा.”

“तपासायचा?”

“तपासलं होतं,” लोकेश म्हणाला. सुबोधने चिवड्याची बशी लोकेशपुढे सरकवली.

मंजूषाताईंनी तेव्हा चष्मा लावला. “सुबोध, करारावर सही आहे?”

“आहे.”

“कर भरते?”

“भरते ना. मला तर तो फॉर्म—”

“कॉलेज तिला कर्मचारी म्हणतं?”

“नाही. ते स्पष्ट म्हणतात की खेळाडू कर्मचारी नाहीत.”

“हक्काची सुट्टी?”

“सुट्टी कसली. आत्ता घरी आली आहे तरी रोज धावून कोचला कळवावं लागतं.”

“आजारी पडली तर?”

“पाय दुखावला तर पुढच्या वर्षी करार होईलच असं नाही.”

खोलीत जे बसले होते त्यांतला प्रत्येक जण अशा देशात नोकरी करत होता, जिथे माणूस दमला म्हणून वर्षभर घरी बसला तरी पगार येतो आणि वर ऑफिसकडून फुलं येतात. सगळे जरा अस्वस्थ झाले.

“म्हणजे कर नोकरासारखा, शिस्त नोकरासारखी आणि हक्क विद्यार्थ्यासारखे,” मंजूषाताई म्हणाल्या. “छान सोय केली आहे. माझ्याकडे असा मालक आला असता तर मी त्याला वकिलाकडे पाठवलं असतं. माझं मत विचाराल तर या मुलांना सरळ प्रोफेशनल म्हणावं. म्हणजे निदान त्यांना आजारी पडता येईल.”

“तेच म्हणतोय मी,” लोकेश घाईघाईने म्हणाला. ताईंच्या मागोमाग तोही खेळाडूंच्या हक्कांच्या बाजूने उभा राहिला होता. अशी संधी वारंवार येत नाही.

मतदान झालं. सुबोध सोडून सगळ्यांचे हात वर गेले. ईशानी प्रोफेशनल ठरली. स्वतः अमेरिकेतल्या कॉलेजांना जे ठरवता आलेलं नाही, ते फोरबर्गला चहा संपायच्या आत ठरलं. लोकेशने चिवडा घेतला.

“आता नियमाचं पुढचं वाक्य,” मंजूषाताई म्हणाल्या.

पुढचं वाक्य कुणाच्याच लक्षात नव्हतं. त्या गाणाऱ्या बाईंचं मन दुखावू नये म्हणून तेव्हा ते घातलं होतं. स्पर्धेत भाग घेऊ न शकणाऱ्या प्रोफेशनल व्यक्तीचा मंडळाने प्रमुख पाहुणे म्हणून सत्कार करावा, आणि तो त्या क्षेत्रातल्या ज्येष्ठ सभासदाच्या हस्ते व्हावा. मानधनही द्यावं, असं होतं. ते सुबोधने मोठ्या मनाने लगेच नाकारलं, आणि लोकेशला ते मोठं मनच जास्त लागलं.

“धावण्यातले ज्येष्ठ कोण?” ताईंनी विचारलं. हा प्रश्न नुसता रीत म्हणून होता. सगळे लोकेशकडेच बघत होते.

घरी आल्यावर समता म्हणाली, “झालं ना मनासारखं?”

“झालं.”

“मग चेहरा असा का?”

“शाल मला पांघरवायची आहे. तिला.”

समता आत गेली. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत होता. ती हसताना नळ सोडते.

मंडळात सत्काराला शाल आणि पुस्तक देतात. पूर्वी नारळ असायचा. नारळाऐवजी पुस्तक द्या, म्हणून लोकेशनेच भांडून तो बंद केला होता, आणि तेव्हापासून पुस्तक निवडायचं काम त्याच्याकडे आहे. या वेळी त्याला अडचण आली. ईशानी मराठी वाचत नाही. इंग्रजीत तिला काय द्यावं, ते सुचेना. धावण्यावरची पुस्तकं दुकानात पुष्कळ होती. ती त्याने तिथेच उभ्याने चाळली आणि परत ठेवली, कारण प्रत्येकात कुणीतरी यशस्वी झालेलं होतं. शेवटी त्याने हॉलंडमधल्या पक्ष्यांवरचं एक सचित्र पुस्तक घेतलं.

क्रीडा दिनाला ऊन होतं आणि वारा होता. ईशानी प्रमुख पाहुण्यांच्या घडीच्या खुर्चीवर बसली होती. उंच, पायांत साधे बूट, केस मागे घट्ट बांधलेले. आजूबाजूच्या बायका तिला विचारत होत्या, काय खातेस, किती वाजता उठतेस. ती इंग्रजीत उत्तरं देत होती आणि मध्येच एखादी ‘मावशी’ घालत होती. लोकेशने तिला शाल पांघरवली. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हात जास्त वर न्यावे लागले. टाळ्या झाल्या. फोटो काढताना सुबोध म्हणाला, “लोकेश, हस की जरा.” लोकेश हसला. त्या फोटोत तो सत्कारमूर्तीच्या खर्चाची बिलं मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यासारखा दिसतो.

मग शर्यत. ईशानीने रुमाल खाली टाकला आणि मंडळी निघाली. लोकेश पहिल्या वळणालाच पुढे गेला. मागे कुणी नव्हतं. एक नवा विद्यार्थी थोडा वेळ सोबत होता, मग त्याने बूट सैल झाल्याचं कारण शोधलं. लोकेश तळ्याच्या पलीकडून आला तेव्हा सगळ्या मंडळींची पाठ त्याच्याकडे होती. ती पाहुणीभोवती कोंडाळं करून उभी होती. ईशानी कुणाला तरी हात कसे हलवावेत ते दाखवत होती. लोकेशने रेषा ओलांडली ते समताने बघितलं, आणि ईशानीने.

चषक तिच्याच हस्ते द्यायचा होता. तो देताना ती म्हणाली, “नाइस फॉर्म, काका. पण तुम्ही सारखं मागे का बघत होता? देअर वॉज नोबडी.”

“सवय आहे,” लोकेश म्हणाला.

लोक मिसळीकडे वळले. ईशानीने शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, बूट बदलले आणि मनगटावरच्या घड्याळावर काहीतरी दाबलं. लोकेश चषक हातात घेऊन उभाच होता.

“कुठे निघालीस?”

“माझं आजचं रनिंग बाकी आहे.”

“आज? सत्काराच्या दिवशी?”

“कोचने लिहिलंय, काका.”

लोकेशने चषक समताकडे दिला. समताने त्याच्याकडे बघितलं आणि तो घेतला. “मी येऊ?” त्याने विचारलं.

“इट्स अ‍ॅन ईझी वन,” ईशानी म्हणाली. तिने ते त्याला धीर यावा म्हणून म्हटलं असावं.

तिची सोपी चाल म्हणजे लोकेशची शर्यत होती. पहिल्या वळणापर्यंत तो तिच्या शेजारी होता, नंतर अर्ध्या पावलाने मागे. तिचे पाय जमिनीला लागल्याचा आवाज येत नव्हता. त्याला अमरावतीच्या मैदानावरच्या लाल मातीतही असा एक जण आठवला, पण तो कुठल्या क्रमांकावर आला होता ते आठवून घ्यायला त्याच्यात श्वास नव्हता.

“कंटाळा नाही येत?” त्याने विचारलं.

“येतो ना. खूप.”

“मग एखाद्या दिवशी नाही धावलं तर?”

“वॉचवरून कोचला कळतं. मग तो फोन करतो.”

“काय म्हणतो?”

“ओरडतो,” ईशानी म्हणाली. “लास्ट वीक मी इथे सायकलवरून पडले. ढोपर सुजलं होतं. मी नाही सांगितलं. तर त्याला ग्राफवरून समजलं. आय वॉज लिम्पिंग, डावा पाय. दहा मिनिटं ओरडला. आईपण घाबरली. खूप अ‍ॅनॉइंग आहे तो.”

लोकेशने तिच्या डाव्या पायाकडे बघितलं. त्याला काही दिसलं नाही. अटलांटिकपलीकडे बसलेल्या एका माणसाला दिसलं होतं.

“आणि पैसे?” त्याने शेवटी विचारलं. इतके दिवस तोंडात धरलेला प्रश्न होता तो.

तिने आकडा सांगून टाकला. आढेवेढे घेतले नाहीत. लोकेशच्या कल्पनेतल्या आकड्यापेक्षा तो बराच लहान होता. त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याच्या लक्षात आलं की एवढ्याला तर आपण कधीही तयार झालो असतो. याहून कमीलाही. आणि ढोपर सुजलं असतं तरी.

तळ्याच्या पलीकडच्या बाकापाशी तो थांबला. ईशानीने मागे वळून हात केला आणि ती पुढे गेली. तिच्या चालीत काही फरक पडला नाही. लोकेश गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला आणि ती झाडांआड जाईपर्यंत तिचा डावा पाय बघत राहिला.

तो चालत परत आला तेव्हा मिसळ संपत आली होती. सुबोध तर्रीचा डाव हातात घेऊन उभा होता. “काय रे, प्रोफेशनलबरोबर धावलास,” तो म्हणाला. “तुलाही अपात्र ठरवायचं का आता?”

“ठरवा,” लोकेश म्हणाला. सुबोधला हे अपेक्षित नव्हतं. त्याने तर्री वाढली.

समता चषक मांडीवर घेऊन गवतात बसली होती. लोकेश तिच्या शेजारी बसला. बशीतला पाव त्याने नुसताच बुडवून ठेवला.

“तिला ओरडतात गं,” तो म्हणाला.

“कुणाला?”

“ईशानीला. कोच ओरडतो. पाय दुखत असताना धावली म्हणून. फोन करून ओरडतो, तिकडून.”

दुसऱ्याच्या समुद्राकाठच्या बंगल्याबद्दल लोक ज्या आवाजात बोलतात, तो त्या आवाजात बोलत होता. समताने त्याच्याकडे नीट बघितलं. जवळ नळ नव्हता, पण तो लागलाही नाही; ती हसली नाही.

“मग उद्यापासून मी ओरडते तुला,” ती म्हणाली. “सकाळी उठून.”

लोकेशने यावर विचार केला. तो प्रामाणिकपणे करत होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

“नको,” तो म्हणाला. “तू फुकट ओरडशील.”